सत्तेचाळिसावं पान कितवं?

पुस्तकाच्या पानाला नंबर कोणासाठी असतो? वाचकासाठी, असं तुम्ही म्हणाल. मग तुम्ही अजून पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडलेली दिसत नाही.

आमच्या बँकेच्या नियमावलीचंच घ्या. पानाच्या पायथ्याशी स्वच्छ ४७ असं छापलेलं आणि वरच्या पट्टीतल्या चौकटीत ६३! जास्तीची सोळा कुठून आली? मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, अध्यक्षांचे दोन शब्द (हे सहा पानं चालतात), असे मानकरी पुढं बसलेले असतात. पूर्वी मूळ मजकूर आधी छापून होई आणि प्रस्तावनेवाले थोर गृहस्थ शेवटी जागे होत. म्हणून पुढच्या पानांना वेगळे, रोमन आकडे देण्याची सोय. क्रोम हा हिशेब जुमानत नाही. तो आपला मुखपृष्ठापासून कागद मोजतो. एखाद्या कॅशियरनं बंडलावरची चिठ्ठीसुद्धा नोट म्हणून मोजली, तर संध्याकाळी कॅश जुळेल का हो?

परवा एक बाई मयत नवऱ्याच्या खात्यातली रक्कम मागायला आल्या. वरच्या कचेरीतून फोनवर हुकूम झाला, "पान ४७ बघा, वारसाचा दावा तिथंच आहे." आमच्या साहेबांनी चौकटीत ४७ टाइप केलं. निघाल्या लॉकरच्या हरवलेल्या किल्ल्या!

"इथं किल्ल्या आहेत, सर."

"किल्ल्या कशा असतील? ४७ म्हणतोय मी!"

दोघंही खरं बोलत होते. पाऊण तासानं बाईंना "उद्या या" म्हणून सांगण्यात आलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे पुस्तक नसतं का?"

फायरफॉक्स त्या मानानं खानदानी. फाइलीत पानांची नावं नोंदवलेली असली, तर तो चौकटीत ४७ दाखवतो आणि शेजारी कंसात ते एकूणांपैकी त्रेसष्टावं असल्याचंही सांगतो. जमा आणि नावे, दोन्ही बाजू! पण छपाईच्या खिडकीत गेलात की तोही कागदच मोजतो. लिंकच्या शेवटी पानाचा नंबर जोडून पाठवलात तरी तोच न्याय. ४७ मागा, ३१ मिळेल.

राग येतो तो याचा, की पीडीएफ १९९३ सालची आणि पानांना अशी नावं द्यायची सोय तिच्या १.३ या आवृत्तीपासून आहे. कोनाडा घरातच आहे, दिवा कोणी लावत नाही. फाइल बनवणारे पुष्कळदा ती नोंदच करत नाहीत. मग फायरफॉक्सनं तरी काय दाखवावं? आणि ज्यांनी ती केली, त्यांच्या कष्टाकडे क्रोम ढुंकून पाहत नाही. चौकटीत एकाऐवजी दोन आकडे दाखवायला जागा ती किती लागणार! आमच्या पासबुकात याहून अरुंद रकाने आहेत.

तूर्त मी फोनवर पानाचा नंबर सांगतच नाही. प्रकरण सांगतो, मथळा सांगतो, परिच्छेदाचा पहिला शब्दसुद्धा सांगतो. पलीकडचा सगळं शांतपणे लिहून घेतो आणि विचारतो, "बरं, पण पान कितवं?"