फुकट आणि खुलं : उघड्या मैदानातल्या गाण्याविषयी



मोठ्या शहरांत विनातिकीट, उघड्या मैदानात होणाऱ्या मैफली हा आजचा विषय. पुसदमध्ये बसून त्याची चर्चा कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांची मुलं पुण्या-मुंबईत आहेत, काहींची अमेरिकेत. मे-जूनमध्ये आपण त्यांच्याकडे जाऊन येतो. न्यूयॉर्कची फिलहार्मोनिक ही नामांकित वाद्यवृंदसंस्था 1965 पासून उन्हाळ्यात शहरातल्या बागांमध्ये विनाशुल्क वाजवते. सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर चादर अंथरून, डबे उघडून लोक ऐकतात. तिकडून आलेला माणूस सांगतो, "सर, एवढा मोठा कार्यक्रम, आणि फुकट!" माझं भांडण या 'फुकट' शब्दाशी आहे.

फुकट ही किमतीची गोष्ट झाली. खुलं ही नात्याची गोष्ट आहे. एखादा कार्यक्रम फुकट असूनही बंद असू शकतो. पास आमदारांच्या कार्यालयातून, पुढे सोफे, सोफ्यांपुढे पाण्याच्या बाटल्या, मागे बांबूचं कुंपण आणि कुंपणाबाहेर जनता. पैसा कुणीच दिलेला नाही, पण कुणाची जागा कोणती हे ठरलेलं आहे. तिकिटाच्या सभागृहात निदान पाचशे रुपये देणारा कुणीही पुढे बसतो. इथे पुढे बसायला ओळख लागते. पैशाची पायरी काढली आणि ओळखीची बसवली, याला मी खुलेपणा म्हणणार नाही.

मग खुलं कशाला म्हणायचं? जिथे माणूस न बोलावता येऊ शकतो आणि न लाजता उठून जाऊ शकतो, त्याला. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. सभागृहात आपण कंटाळलो तरी बसून राहतो. पैसे दिलेले असतात, रांगेत मधली खुर्ची असते. कलावंताला ते लक्ष आयतं मिळतं. मैदानात ते मिळवावं लागतं. मुंबईत 1999 पासून फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरतो, प्रवेश विनामूल्य. ऑफिस सुटल्यावर चर्चगेटकडे निघालेला माणूस तिथे दहा मिनिटं थांबतो. लोकल चुकली तरी चालेल असं त्याला वाटलं, तर ते गाणं जिंकलं. माझ्या मते टाळ्यांपेक्षा ही दाद खरी.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, कुल्फी खात, मोबाइलवर बोलत ऐकणारा हा कसला रसिक? त्याच्यापुढे ख्याल म्हणजे गाढवापुढे गीता. याला उत्तर एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं दिलेलं आहे. रसाच्या आड येणारी सात विघ्नं तो सांगतो. त्यातलं एक म्हणजे आपल्याच सुखदुःखात बुडालेलं मन. घरचं कर्ज, मुलीचं लग्न, कापसाचा भाव डोक्यात घेऊन आलेला माणूस रस कसा घेणार? अभिनवगुप्त म्हणतो, म्हणून तर नाट्यात गाणं-वाजवणं ठेवलंय. त्यानं मन निवळतं आणि जो सहृदय नव्हता तोही सहृदय होतो. म्हणजे सहृदयता हे आत जाण्याचं तिकीट नाही. ती आत गेल्यावर घडते. 'आधी रसिक व्हा, मग या' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरा आक्षेप इमॅन्युएल कांटचा. 1790 च्या ग्रंथात तो म्हणतो, संगीतात शेजारधर्माचा अभाव आहे. चित्र नको असेल तर नजर वळवता येते, पण गाणं अत्तर लावलेल्या रुमालासारखं असतं. रुमाल एकानं काढला तरी वास सगळ्यांनी घ्यायचा. कांटच्या घराजवळच्या तुरुंगात कैदी मोठ्यानं भजनं म्हणत, त्याची लेखी तक्रार या महापुरुषानं केली होती. आपण हसतो, पण डीजेच्या भिंतीशेजारी ज्यांचं घर आहे ते हसणार नाहीत. श्रोत्याला उठून जाता येतं. शेजारच्या आजारी म्हातारीला जाता येत नाही. मैफल तिच्यासाठीही खुली असायला हवी, म्हणजे तिला नको म्हणता आलं पाहिजे.

म्हणून 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांना माझा विरोध नाही. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पण यात आपलं काय गेलं तेही बघा. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग खुल्या मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले. शिवाय आपला विदर्भ! मे महिन्यात पारा 43-44 वर. मैदानातली जमीन बसण्यासारखी गार होते तेव्हा दहा वाजलेले असतात, म्हणजे कार्यक्रम आवरायची वेळ. नियम हवामान विचारून केलेला नाही. यावर उपाय रात्र वाढवण्याचा नाही, आवाज कमी करण्याचा आहे. दोनशे माणसांना तंबोरा ऐकू येईल इतकाच ध्वनिक्षेपक ठेवा, लोकांना जवळ बसवा. भिंतीएवढे स्पीकर आपण दूरच्या माणसासाठी लावतो, आणि त्यामुळेच माणसं आणखी दूर बसतात.

आता आपल्याकडे पाहा. उन्हाळ्यातली खुली मैफल आपल्याला सेंट्रल पार्कमधून आणावी लागत नाही. चैत्रात रामनवमीचं कीर्तन असतं, गावोगाव तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं असतात आणि 14 एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांच्या रात्री असतात. वामनदादा कर्डकांसारखे लोककवी गावोगाव फिरून गायले. ज्यांना शतकानुशतकं देवळाच्या पायरीशी उभं केलं गेलं, त्यांनी चौकातच मंच उभारला. तिथे खुलेपणा ही चैन नव्हती, हक्क होता. शहरातला खुल्या मैफलीचा शौकीन या रात्रींना मैफल म्हणत नाही, 'जयंतीचा कार्यक्रम' म्हणतो. समीक्षेनं ही आडनावं पाहून वर्गवारी करण्याची सवय सोडली पाहिजे. त्या गाण्यातला ठेका, शब्दफेक, कोरसची बांधणी यांवर नीट लिहिणारे आपल्याकडे किती आहेत?

आणि पैशाचं काय? श्रोत्याला फुकट म्हणजे कलावंतालाही फुकट, असा सोयीस्कर अर्थ आयोजक काढतात. "एक्सपोजर मिळेल," म्हणतात. आपली जुनी रीत शहाणी होती. वर्गणी निघायची, आरतीचं ताट फिरायचं, बुवांना बिदागी मिळायची. ज्याला जमेल त्यानं, जमेल तेवढं, आणि ऐकून झाल्यावर. ज्यानं ताटात काहीच टाकलं नाही त्यालाही प्रसाद तेवढाच. दार खुलं आणि कलावंताची चूल पेटलेली, दोन्ही साधायचं.

तेव्हा यंदा कुठल्याही मैदानात गाणं ऐकायला गेलात तर किती रुपये वाचले ते मोजू नका. कुंपण कुठे आहे ते बघा. पुढच्या सोफ्यांवर कोण बसलंय ते बघा. शेजारच्या घरांच्या खिडक्या बंद आहेत की उघड्या, ते बघा. आणि आपण आयोजक असू, तर पुढचे सोफे काढून तिथे सतरंजी घाला. जो आधी येईल तो पुढे. खर्चही वाचेल.

आपण शांतपणे ऐकलंत, धन्यवाद. मधेच जे उठून गेले, त्यांचेही.