यंत्र लपवायचं की मिरवायचं?

आधी एक कबुली देतो. माझ्या डाव्या कानात मशीन आहे. विकणाऱ्याने ते देताना भरवसा दिला होता, "कुणाला कळणारसुद्धा नाही, सर." म्हणून ते कातडीच्या रंगाचं. आता बघा, चष्मा आपण उघड लावतो. कानाचं मशीन मात्र लपवतो. असं का?

हा प्रश्न मला हिरोतो इकेउची या जपानी कलावंताची कामं बघताना पडला. जन्म १९९०, शिक्षण टोकियोच्या तामा आर्ट युनिव्हर्सिटीत. पदवीच्या वेळी त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून आत प्लॅस्टिक मॉडेलांचा अख्खा देखावा रचला. पुढे हेडफोन, व्हीआर गॉगल अशा तयार वस्तूंवर तो मॉडेल-किटचे भाग, वायरी, नळ्या चढवू लागला. ते चेहऱ्यावर चढवलं की माणूस सायबरपंक सिनेमातून उतरल्यासारखा दिसतो. बालेन्सियागा या फॅशन घराण्याबरोबरही त्याने काम केलं आहे.

यावर आक्षेप सरळ आहे. वर चढवलेले बहुतेक भाग काहीच करत नाहीत. मग ही नुसती सजावट नाही का?

मला वाटतं, आक्षेप खरा आहे, पण अपुरा. आजचा फोन म्हणजे गुळगुळीत पाटी. आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. इकेउची आतलं यंत्र दाखवत नाही. यंत्र आपल्याला कळावं ही आपली भूक दाखवतो. खोट्या सुट्या भागांतून खरी भूक, असं म्हणा.

मेर्लो-पाँतीने १९४५च्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचा दाखला दिला आहे. सवय झाली की काठी वस्तू उरत नाही, स्पर्शच तिच्या टोकाशी जातो. म्हणजे चांगलं साधन विसरलं जातं. इकेउचीचा मुखवटा नेमका उलटा: तो स्वतःला विसरू देत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मी पाहिलेल्या छायाचित्रांत हे सगळं तरुण, सडपातळ देहांवर आहे. ज्यांना यंत्राची खरी गरज, ते म्हातारे, अपंग तिथे नाहीत. गरज नसताना यंत्र घातलं तर ती फॅशन आणि गरजेपोटी घातलं तर लाज? ही गाठ त्याने अजून सोडवलेली नाही.

तरी त्याच्यामुळे मी परवा आरशात मशीनकडे नीट पाहिलं. पुढचं घेईन ते लाल रंगाचं घ्यावं म्हणतो.

असो. प्रश्न विचारा. जरा मोठ्याने.