खोक्यातला वाडा

आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेने कार्यानुभवाच्या प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. विषय होता ‘टाकाऊतून टिकाऊ : आपली पारंपरिक घरे’. बुटांच्या खोक्यांचे चौसोपी वाडे, आइस्क्रीमच्या काड्यांचे खांब, नालीदार पुठ्ठ्याची कौले, बाटलीच्या झाकणात तुळशीवृंदावन. एका कोपऱ्यात गेरूवर पांढरी चित्रे काढलेली एकच ‘आदिवासी झोपडी’. मुलांच्या बोटांतले कसब खरे होते. माझी तक्रार आहे ती ‘आपली’ या शब्दाबद्दल.

वाड्याचा चौक माझ्या आजाने आतून कधी पाहिला नाही. सरपण फोडायला तो मागच्या परड्यात जायचा आणि वरून टाकलेली भाकरी धोतराच्या सोग्यात झेलायचा. त्या वाड्याचा दगड वडारांनी फोडला होता, दोर मांगांनी वळले होते. प्रतिकृतीत दगड पुठ्ठ्याचा होतो तेव्हा दगड फोडणारा वडारही नाहीसा होतो. उरते ती निव्वळ शोभा.

आणि प्रत्येक घर वेगळ्या पुठ्ठ्यावर! सगळी घरे एकाच फळीवर मांडायला सांगितली असती तर मुलांना विचारावेच लागले असते की वेस कोठे, पाणवठा कोठे, आणि कुसाबाहेरची घरे कोणत्या अंगाला? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले, ते याच फळीविषयी होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आमच्याकडे पाटी बदलली. वस्ती जिथे होती तिथेच आहे.

मी वाढलो ते घर तुराट्यांच्या कुडाचे. माय दर सणाला शेणामातीने लिंपायची. वर आधी पाचट होते. पुढे बापाने डांबराची रिकामी पिंपे कापून, ठोकून सरळ केली आणि पत्रे म्हणून घातली. दाराला खताच्या गोण्यांचा पडदा. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच नव्हे काय? फरक इतकाच की आम्हाला त्याचे गुण कोणी दिले नाहीत, आणि पावसाळ्यात ते टिकाऊही नसायचे. मी त्या घराचे गोडवे गात नाही. पण परंपरेचे सौंदर्य सांगणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही सांगावी. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची मणामणाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. कुडाची, पत्र्याची हलकी घरे तशी माणसांना गाडत नाहीत. घर कशाचे, वजन किती, ते पडले तर कोणावर, हे कार्यानुभवाच्या तासाला शिकवता येते. त्याला तुराट्या आणि चिखल पुरतो. पुठ्ठ्याला दगडासारखे रंगवण्याची गरज पडत नाही.

सातवीतल्या एका मुलीचा वाडा सुरेख होता. खोके कुठून आणलेस विचारले, तर म्हणाली, “पप्पांच्या गाड्यावरून. आमचं भंगारचं आहे.” सांगताना तिला जराही संकोच वाटला नाही. मला वाटला. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिच्याच घरून खोकी नेली होती, हेही तिनेच सांगितले.

मी विचारले, “मग तुझं स्वतःचं घर का नाही केलंस?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “सर, ते कुठं पारंपरिक आहे? त्याला पत्रा आहे.”

हे तिला कोणी शिकवले? धड्यातल्या चित्रांनी, फळ्यावरच्या विषयाने, आणि माझ्यासारख्या परीक्षकांनीही. दुसरा क्रमांक मी तिला दिला. पहिला ज्या वाड्याला दिला त्याच्या देवडीला पितळी कडी होती, खरोखरीची. गुणपत्रिकेत शेऱ्याचा एक रकाना होता. मुख्याध्यापक शेजारी उभे होते, बाहेर चहा निवत होता. वर लिहिलेले सगळे तेव्हा माझ्या मनात होते. मी रकान्यात लिहिले, ‘सुबक’, आणि सही केली.