दाटी नव्हे, आकार

पेशींच्या थराची ‘कोंडी’ म्हटले की रावेतच्या माणसाला महामार्गावरची रांग आठवते. वाहने वाढली, जागा संपली, सारे थांबले. या विषयावरच्या लेखनात हीच उपमा सर्रास येते. माझ्या मते ती दिशाभूल करते.

श्वासनलिकेच्या अस्तरात पेशी एकमेकींना खेटून असतात. मध्ये फट नसते. तरीही गर्भ घडताना किंवा जखम भरताना असे थर द्रवासारखे वाहतात आणि नंतर घट्ट होतात. म्हणजे दाटी तीच, वागणूक मात्र वेगळी.

दापेंग बी, लिसा मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या कोड्याला संगणकीय प्रतिमानातून उत्तर दिले. प्रत्येक पेशी म्हणजे एक बहुभुज. तिला ठरावीक क्षेत्रफळ आणि परिमिती हवी असते. हव्या असलेल्या परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमूळाने भागले की एक अंक मिळतो. तो सुमारे ३.८१ पेक्षा कमी असेल तर शेजार बदलायला ऊर्जा खर्चावी लागते, थर घन राहतो. जास्त असेल तर तो अडसर उरत नाही, थर वाहतो. नियमित पंचकोनाचा अंकही ३.८१ आहे, षटकोनाचा ३.७२.

याचा एक परिणाम चकित करणारा आहे. पेशींची परस्पर चिकटण्याची ओढ वाढली की सामाईक कडा लांबतात आणि थर घट्ट होण्याऐवजी सैल होतो. रस्त्यावरच्या कोंडीत याला जोड नाही.

त्याच वर्षी दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. निरोगी पेशींपेक्षा त्या उशिरा स्थिरावल्या. थर गोठताना आकाराचा अंकही ३.८१ कडे सरकला. प्रतिमानाचे हे मोठे यश.

पण इथेच सावध राहायला हवे. प्रतिमानातला अंक पेशीला ‘हवा असलेला’ आकार सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो ‘मिळालेला’ आकार. पहिला कारण आहे, दुसरा खूण. फळमाशीच्या गर्भावरील २०२० च्या अभ्यासात तर आकार एकटा पुरला नाही. पेशी एका दिशेने किती ताणल्या आहेत आणि एका बिंदूवर किती पेशी भेटतात, हेही मोजावे लागले.

आयआयटी मुंबईत पेशीथरांच्या यांत्रिकीवर काम करणारे मंदार इनामदार स्थापत्य अभियांत्रिकी विभागात आहेत, हे मला सूचक वाटते. चौकट कधी ताठ राहते आणि कधी ढिली पडते, हा प्रश्न स्थापत्याचा जुनाच. पेशींसाठी उपमा हवीच असेल, तर ती महामार्गाकडून नव्हे, चौकटीकडून घ्यावी. दम्यातल्या अस्तराकडे पाहताना मग ‘गर्दी किती’ऐवजी ‘ताण कुठे’ असे आपण विचारू.