‘द नेमसेक’: परदेशी कोण रुळतं आणि कधी?

मंडळी, परदेशी गेलेल्या कुटुंबाची गोष्ट वाचली की आपल्याकडची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: मुलं शेवटी कुठली झाली? झुम्पा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’बद्दलही (२००३) तसंच होतं. मुलाचं नाव गोगोल, ते त्याला नकोसं होतं, आणि मग बोलणं सगळं त्या नावाभोवतीच फिरत राहतं. माझं म्हणणं वेगळं आहे. या कादंबरीतला खरा विचार मुलाच्या नावात नाही, आईच्या दिनक्रमात आहे. आणि खुद्द लेखिकेनंही त्याला पुरेशी जागा दिलेली नाही.

सुरुवात आठवा. १९६८चा ऑगस्ट, बॉस्टनशेजारचं केंब्रिज. दिवस भरत आलेली अशिमा स्वयंपाकघरात राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि कांदा कालवून कोलकात्याच्या चवीजवळ जाणारं काहीतरी करते आहे. नवरा अशोक एमआयटीत पीएच.डी. करतो. आता पाहा, अशोकला सकाळी उठून जायला एक जागा आहे. तिथे काम आहे, सहकारी आहेत. अशिमाला अशी जागाच नाही. म्हणजे कुटुंब एकत्र राहतं, पण एकत्र रुळत नाही. ज्याला बाहेर काम आहे तो आधी रुळतो. घर सांभाळणारीला वर्षं लागतात.

आपल्याकडे ‘बिऱ्हाड’ हा फार नेमका शब्द आहे. बिऱ्हाड हलवता येतं. भांडी, मसाले, देव बांधून नेता येतात. त्या बिऱ्हाडाचं चित्रण लाहिरी उत्तम करतात. सुट्टीच्या दिवशी जमणारी बंगाली कुटुंबं, ओळखीच्या माणसांतून उभे राहिलेले काका आणि मावश्या, हे सगळं खरं वाटतं. पण बिऱ्हाड थाटलं म्हणजे मूळ धरलं असं नव्हे.

इथे सिमोन वेय या फ्रेंच तत्त्वचिंतक आठवतात. १९४२ साली त्या आई-वडिलांबरोबर फ्रान्स सोडून न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथून एकट्या लंडनला आल्या. मूळ धरण्याच्या गरजेवर त्यांनी लंडनमध्ये जे लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली ग्रंथरूपात आलं. त्यांचा मुद्दा असा, की माणूस मूळ धरतो तो एखाद्या समूहाच्या जगण्यात प्रत्यक्ष वाटा उचलून. भूतकाळाचा ठेवा लागतोच, पण तो जपणाऱ्या समूहात आपणही काहीतरी करत असावं लागतं.

या कसोटीवर अशिमाच्या आयुष्यातली मोठी घटना कोणती? तिला सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम मिळतं ती. काम साधंच आहे, पुस्तकं जागेवर लावण्यासारखं. पण तिथल्या बायका तिच्या पहिल्या अमेरिकन मैत्रिणी ठरतात. एवढी वर्षं गेल्यावर! आणि ही गोष्ट कादंबरी थोडक्यात उरकते. याउलट गोगोलच्या प्रेमप्रकरणांना, मॅक्सीनच्या घरातल्या जेवणांनाही, पानंच्या पानं मिळतात.

दुसरी उणीव कायद्याची. अमेरिकेच्या १९६५च्या कायद्यानं जुनी देशवार कोटा पद्धत मोडली आणि शिकलेल्या भारतीयांना दार उघडलं. कादंबरीत या दाराचा जवळजवळ मागमूस नाही. त्यामुळे रुळणं ही निव्वळ मनाची गोष्ट वाटू लागते. ज्यांच्यासाठी ते दार उघडलंच नाही, त्यांचा विचारही मनात येत नाही.

कोणी म्हणेल, शीर्षकच मुलाचं आहे, मग तक्रार कशाला? ठीक. पण शेवट पाहा. अशोक गेल्यावर अशिमा घर विकते, सहा महिने भारतात आणि सहा महिने अमेरिकेत राहायचं ठरवते. सगळ्या कादंबरीतला सर्वांत विचारपूर्वक निर्णय तिचा आहे. ही ताकद तिच्यात कशी आली, हे दाखवणारी मधली वर्षं मात्र आपल्याला तुकड्यातुकड्यांनीच मिळतात.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं परदेशी असतील. फोनवर आपण विचारतो, नातू मराठी बोलतो का? तो प्रश्न चुकीचा नाही. पण दिवसभर घरी असणाऱ्या सुनेला किंवा जावयाला तिथे कोणाकडे जाता येतं, हेही विचारावं. कादंबरीनं ज्याला कमी पानं दिली, ते निदान आपण विचारू शकतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.