कार्ल्याच्या मार्गदर्शिकेतील हरवलेला कर्ता

कार्ले येथील लेण्यांस भेट देणाऱ्यांसाठी एका महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेली चारपानी मार्गदर्शिका विभागाकडे परीक्षणार्थ आली आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या या स्मारकाची माहिती मूळ मराठीतच सिद्ध करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह होय. मांडणी सुबोध आहे. चैत्यगृहाची सुमारे १२४ फूट लांबी, ३७ स्तंभ, छताच्या प्राचीन लाकडी फासळ्या ही माहिती नेमकेपणाने दिली आहे. नकाशात पायऱ्यांची वाट, सिंहस्तंभ व एकवीरा देवीचे मंदिर यथास्थान दाखविले आहे.

उणीव आहे ती भाषेची. आणि येथे भाषेची उणीव हीच माहितीचीही उणीव ठरली आहे.

‘चैत्यगृह बांधण्यात आले’ या पहिल्याच वाक्यातील क्रियापद चुकले आहे. लेणे बांधीत नाहीत, कोरतात. बांधकामात दगडावर दगड चढतो. येथे डोंगर वरून व आतून काढून टाकला आहे. हा भेद प्रेक्षकाच्या ध्यानी आला नाही, तर स्तंभ छताचा भार वाहतात असेच तो समजेल. वस्तुतः स्तंभ आणि छत हा एकच अखंड खडक आहे.

याहून गंभीर दोष ‘-ण्यात आले’ या रचनेचा. स्तंभ ‘उभारण्यात आले’, दाने ‘देण्यात आली’, द्वार ‘करण्यात आले’: जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात कर्ता लोपला आहे. शेवटी ‘या अज्ञात हातांना वंदन’ असे भावपूर्ण वाक्य येते. कोरणाऱ्या बहुतेक पाथरवटांविषयी ते खरे आहे. परंतु कार्ल्यातील सारेच हात अज्ञात नाहीत. तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख नावे सांगण्यासाठीच कोरले आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, पूर्ण केले. धेनुकाकट येथील यवनांनी स्तंभ दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने द्वाराचे काम केले. राजांचे दानलेख आहेतच. पण त्यांच्या शेजारी कारागिराचे नाव टिकले आहे, हे कार्ल्याचे खरे वैभव होय.

व्याकरणाच्या दृष्टीनेही हे लेख बोलके आहेत. ‘वढकिना सामिना’ हा तृतीयान्त कर्ता आणि ‘कतं’ हे कर्मणि भूतकृदन्त. मराठीतील ‘सुताराने केले’ ही रचना याच परंपरेची वारस आहे. विदर्भातील ‘वाढई’ हा शब्द ‘वढकि’च्याच कुळातला, आणि ‘घर’ तर जसेच्या तसे आजही बोलण्यात आहे. प्राकृतातील कर्मणि वाक्य कर्त्याला जपते. मार्गदर्शिकेतील कर्मणि वाक्य त्याला पुसते. शासकीय परिपत्रकांत आज्ञा देणाऱ्याचे नाव झाकण्यास सोयीची असलेली ही रचना विद्यार्थ्यांच्या लेखणीत सहज उतरली आहे. याचा दोष केवळ त्यांच्याकडे जात नाही. प्रमाणभाषा म्हणून आपण त्यांच्यापुढे कोणते नमुने ठेवतो, याचाही तो परिणाम आहे.

ज्याच्यासाठी ही पत्रिका, त्या वाचकाचाही विचार अपुरा आहे. मंदिराचा उल्लेख नकाशापुरता आहे. एकवीरेच्या दर्शनास येणारे कोळी बांधव व इतर भाविक हा येथील फार मोठा मराठी वाचकवर्ग आहे. देवळापासून चार पावलांवर असलेल्या भिंतीवर आपल्या भाषेचे पूर्वरूप कोरलेले आहे, हे त्यांना कोणी सांगावयाचे?

सुधारणा अवघड नाही. वंदनाचे वाक्य गाळून त्या जागी सामीचा लेख, त्याचे वाचन आणि मराठी अर्थ एवढेच द्यावे. ‘कोरले’, ‘दिले’, ‘केले’ ही साधी क्रियापदे योजावीत, आणि जेथे कर्ता ज्ञात आहे तेथे त्याचे नाव लिहावे. सुमारे दोन हजार वर्षे दगडाने राखलेले नाव कागदावर गळू नये, एवढी अपेक्षा मराठीच्या विद्यार्थ्यांकडून करणे रास्त ठरेल.