‘एकच प्याला’ : सुधाकराचा स्वाभिमान आणि त्याचा अधःपात

प्रस्तावना :
राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे पाच अंकी नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारे नाटक अशी त्याची ओळख रूढ झाली. ही ओळख पुरेशी मानल्यास मद्यासक्ती हाच नायकाचा दोष ठरतो. मग न्यायालयातील एका अपमानाने सुधाकरासारखा बुद्धिमान वकील दारूकडे वळावा, हे कारण तोकडे वाटते. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा विचार सुधाकराच्या स्वभावाच्या आधारे केला आहे.

गुण आणि प्रमाद :
ॲरिस्टॉटलने शोकात्म नायकाच्या प्रमादासाठी ‘हॅमार्शिया’ हा शब्द योजला. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. केवळ दुर्गुण असा त्याचा अर्थ घेणे म्हणूनच योग्य नाही. सुधाकराजवळ बुद्धी, स्वाभिमान आणि निर्धार आहे. परंतु त्याचा स्वाभिमान दुसऱ्या कोणाचाही निवाडा सहन करू शकत नाही. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते आणि हा मानी पुरुष एकदम खचतो. तळीराम त्याच्यापुढे पेला ठेवतो हे खरे. पण त्या पेल्याची गरज सुधाकराच्या दुखावलेल्या अभिमानाने आधीच निर्माण केलेली असते. तळीराम हा निमित्तकारण होय.

निर्धाराचीही हीच गत होते. पश्चात्ताप झाल्यावर तो दारू सोडतो. काम शोधताना लोकांकडून अवहेलना वाट्याला येताच तो पुन्हा तिच्याकडे वळतो, आणि आता सुटका नाही हा निकालही स्वतःच देऊन टाकतो. रामलालचा स्नेह व सिंधूची निष्ठा या दोन्हींपेक्षा परक्यांची उपेक्षा त्याला मोठी वाटते. येथे त्याचा नेम चुकतो.

या अभिमानाची किंमत मात्र सिंधू मोजते. श्रीमंत माहेर असूनही ती दळण दळून संसार चालविते. मूल आणि ती स्वतः सुधाकराच्या हातून बळी पडतात, आणि मरतानाही ती खोटी जबानी देऊन पतीला वाचवू पाहते. सुधाकराविषयीच्या करुणेत सिंधूवरील अन्याय झाकला जाऊ नये, याचे भान अध्यापनात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
अखेरीस सुधाकर दारूत विष कालवून पितो. न्यायालयाचा निवाडा ज्याला साहवला नाही, तो शेवटी स्वतःच स्वतःचा न्यायाधीश होतो. आरंभीचा अपमान आणि अखेरचा मृत्यू एकाच स्वभावातून उद्भवतात. या दृष्टीने पाहता अपमानाचे कारण तोकडे राहत नाही. मद्य हे सुधाकराच्या नाशाचे साधन आहे. त्याचे बीज त्याला मोठेपण देणाऱ्या स्वाभिमानातच आहे.